खरखरीचा माग

डिसेंबर लागला की नगर जिल्ह्यातल्या चर्चांमधून संध्याकाळी नाताळच्या गाण्यांचा सराव ऐकू येऊ लागतो. हार्मोनियम, तबला, खंजिरी ही जुनी मंडळी असतातच. आता बऱ्याच ठिकाणी त्यांच्या शेजारी कीबोर्ड आणि बेस गिटारही दिसते. पहिलं कडवं छान जातं. दुसऱ्याच्या मध्यावर बेसच्या ॲम्प्लिफायरमधून एकदम ‘खर्रर्र’ असा आवाज येतो आणि गाणाऱ्यांच्या माना तिकडे वळतात. वाजवणारा पोरगा जॅक हलवतो, आवाज थांबतो, गाणं पुढे सरकतं. चार ओळींनी पुन्हा खर्रर्र. मग सल्ले सुरू होतात. वायर गेली असेल. लाइट कमी-जास्त होतेय. गिटारच बदला ना. शेवटी कुणीतरी खोक्यावर थाप मारतं, नेमका तेव्हाच आवाज थांबतो आणि त्या दिवसापासून थाप हाच मान्यताप्राप्त उपाय ठरतो.

गणपतीच्या मांडवात, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात, कॉलेजच्या गॅदरिंगमध्येही हेच घडतं. ॲम्प पूर्ण बंद पडला तर एक वेळ बरं. निदान बिघाड आहे यावर सगळ्यांचं एकमत तरी होतं. मधूनच येणारी आणि मधूनच जाणारी खरखर जास्त छळते. दवाखान्याच्या दारात पोराचा ताप उतरावा, तसा हा ॲम्प दुकानात नेला की तासभर मुकाट वाजतो. दुकानदार तो पुसून परत देतो. मग मंडळी अंदाजाने एकेक वस्तू बदलत जातात आणि अखेर ‘हा जुना झाला’ म्हणून नवा ॲम्प विकत आणतात.

बहुतेक वेळा हा निर्णय घाईचा असतो. येऊन-जाऊन होणाऱ्या खरखरीलाही एक नेमकं ठिकाण असतं, आणि ते ठिकाण बहुधा कुठला तरी सांधा असतं: दोन धातू जिथे एकमेकांना टेकतात ती जागा. ती शोधायला महागडं यंत्र लागत नाही, कामाचा क्रम लागतो. तो क्रम आणि आपल्या जिल्ह्याची हवा त्यात काय भर घालते, हे इथे मांडायचं आहे.

दुरुस्तीच्या टेबलावरचा जन्म

बेस गिटारचा ॲम्प ही गूढ परदेशी वस्तू आहे, तिला हात लावायला पुण्या-मुंबईचाच माणूस हवा, असा एक समज आहे. इतिहास वेगळं सांगतो. लिओ फेंडर या माणसाने १९३८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. येणारे वादक आपापले ॲम्प दुरुस्तीला आणत. ते उघडता उघडता तो स्वतःचे ॲम्प बनवू लागला. १९५१ मध्ये त्याने ‘प्रिसिजन बेस’ ही विजेवर चालणारी बेस गिटार बाजारात आणली. त्याआधी मंद्र स्वरांसाठी माणसाच्या उंचीचा डबल बेस उभा करावा लागे आणि गर्दीच्या नाचघरात तो ऐकूही येत नसे. नव्या वाद्याला पेलणारा ‘बेसमन’ ॲम्प १९५२ मध्ये आला.

दहा वर्षांनी लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल नावाच्या ड्रमवादकाच्या दुकानात याच बेसमनचं सर्किट समोर ठेवून काम सुरू झालं. इंग्लंडमध्ये अमेरिकी ॲम्प महाग पडत. केन ब्रॅन हा दुकानातला दुरुस्ती करणारा आणि डडली क्रेव्हन हा तरुण तंत्रज्ञ, या दोघांच्या हातून १९६२ मध्ये ‘जेटीएम ४५’ तयार झाला. रॉक संगीतातली मार्शलची प्रसिद्ध डरकाळी अशी एका बेसच्या ॲम्पमधून निघाली. ‘द हू’ या बँडचा गिटारवादक पीट टाउनशेंड आणि बेसवादक जॉन एंटविसल हे मार्शलचे गिऱ्हाईक होते. त्यांना आणखी मोठा आवाज हवा होता. त्या मागणीतून १९६५ च्या सुमाराला १०० वॅटचा मार्शल आला.

इथे गोष्ट नगरला येऊन मिळते. हाच टाउनशेंड १९६०च्या दशकाच्या अखेरीस मेहेरबाबांचा अनुयायी झाला. ‘बाबा ओ’रायली’ या त्याच्या १९७१ च्या गाण्याच्या नावातले ‘बाबा’ म्हणजे मेहेरबाबा. बाबांची समाधी नगर-दौंड रस्त्यावर अरणगावजवळ मेहेराबादला आहे. टाउनशेंडची आणि बाबांची भेट कधी झाली नाही, पण बाबांच्या निधनानंतर तो समाधीच्या दर्शनाला येऊन गेला. कानठळ्या बसवणाऱ्या आवाजासाठी जगभर गाजलेला हा माणूस अशा साधूच्या मागे लागला, ज्याने १० जुलै १९२५ ला बोलणं सोडलं आणि ३१ जानेवारी १९६९ ला देह ठेवेपर्यंत मौन पाळलं. दरवर्षी अमरतिथीला, म्हणजे बाबांच्या पुण्यतिथीला, हजारो माणसं अरणगावला जमतात, अनेक भाषांत गातात, आणि ३१ तारखेला दुपारी बारा वाजता पंधरा मिनिटं कुणी अवाक्षर काढत नाही.

चर्चमधल्या बेसची वाट निराळी आहे. अमेरिकन मराठी मिशन नगरला १८३१ मध्ये आलं आणि सोबत पाश्चात्त्य चालींची गीतं घेऊन आलं. कृष्णराव सांगळे यांनी कीर्तन ख्रिस्ती उपासनेत आणलं. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक पुढे बरीच वर्षं नगरला राहिले. त्यांच्या अभंगांनी आणि भजनांनी चर्चमधलं गाणं मराठी मातीत रुजवलं. आज ‘उपासना संगीत’ हातात घेऊन गाणारी पोरं टिळकांच्याच पदाला डग्ग्याच्या जोडीने बेस लावतात. वाद्य परदेशी असलं तरी पद आणि ताल इथलेच आहेत. आता त्याची दुरुस्तीही इथेच व्हायला हवी.

स्वतःलाच हलवणारं खोकं

बेसच्या ॲम्पला खरखर इतर ॲम्पपेक्षा लवकर का लागते, याचं उत्तर त्याच्या कामातच आहे. बेसची सर्वांत जाड तार मोकळी छेडली की सेकंदाला सुमारे ४१ कंपनं होतात. पाच तारांच्या बेसवर ही संख्या ३१ च्या आसपास उतरते. इतके खालचे स्वर माणसाच्या कानाला मुळातच कमी ऐकू येतात. बेल लॅबोरेटरीजच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं होतं. त्यामुळे साध्या गिटारला ३० वॅट पुरत असतील, तर तिच्या बरोबरीने ऐकू यायला बेसला कितीतरी जास्त शक्ती लागते. १९६९ मध्ये आलेला अँपेगचा ‘एसव्हीटी’ ३०० वॅटचा होता, आणि त्याच्या जोडीला दहा इंची आठ स्पीकरचं कपाट लावत.

एवढी शक्ती स्पीकरचा कोन जोराने पुढे-मागे ढकलते. बहुतेक छोट्या-मध्यम ॲम्पमध्ये स्पीकर आणि इलेक्ट्रॉनिक्स एकाच खोक्यात असतात. प्रत्येक स्वरागणिक खोकं थरथरतं आणि त्याबरोबर आतले स्क्रू, सॉकेट, पट्टीच्या वायरी आणि सोल्डरचे टाके थरथरतात. थोडक्यात, हा ॲम्प वाजता वाजता स्वतःचेच सांधे ढिले करतो. एखादा ठरावीक स्वर लागला की खरखर येते आणि इतर वेळी येत नाही, याचं कारण हेच. त्या स्वराला नेमका तो ढिला भाग थरथरतो.

म्हणून एक गोष्ट आधीच तपासावी: आवाज खरंच स्पीकरमधून येतोय का? बेस वाजला की ड्रमच्या स्नेअरची तार, खिडकीची काच, जाळीचा ढिला स्क्रू, ॲम्पवर ठेवलेली किल्ल्यांची जुडी, काहीही करकरू शकतं. एकाने वाजवावं आणि दुसऱ्याने खोलीत फिरून वस्तूंवर हात ठेवत जावं. काही बिघाड इथेच संपतात.

आधी ऐका, मग हात लावा

पहिली तपासणी शांततेतच होते. गिटार न छेडता ॲम्प चालू ठेवा आणि ऐका. एकसारखा घुमणारा ‘घूं’ असेल तर तो विजेच्या ५० हर्ट्‌झचा किंवा त्याच्या दुपटीचा. त्याचं मूळ अर्थिंगमध्ये, केबलच्या जाळीत किंवा फिल्टरच्या कंडेन्सरमध्ये शोधावं. पावसासारखा सपाट ‘सूंऽऽ’ थोडा असणारच; तो वाढवलेल्या गेनचा असतो. ठेक्यात येणारी ‘टक-टक-टर्र’ म्हणजे जवळ ठेवलेला मोबाइल. राहिली ती अनियमित खरखर, फटफट आणि चरचर. आपण माग काढायचा तो हिचा.

आता जागा बदलून पाहा. तोच ॲम्प, तीच गिटार, तीच वायर दुसऱ्या इमारतीत, दुसऱ्या फेजवर लावा. तिथे आवाज नाहीसा झाला तर दोष ॲम्पचा नाही. शेजारच्या वेल्डिंगचा, पाण्याच्या मोटारीच्या स्टार्टरचा, पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरचा किंवा ठिणग्या टाकणाऱ्या ढिल्या सॉकेटचा असेल. मांडवात तर हे हमखास घडतं. एक्स्टेंशन बोर्डात पिन सैल बसते, कधी उघड्या वायरी खोचून त्यात काडेपेटीची काडी ठोकलेली असते. तिथली प्रत्येक ठिणगी ॲम्पमधून ऐकू येते.

जागा बदलूनही आवाज राहिला, तर साखळीचे दोन भाग करायचे. गिटार, वायर, पेडल, ॲम्पचा पुढचा भाग, मागचा पॉवरचा भाग आणि स्पीकर, अशी ही साखळी आहे. एका टोकापासून एकेक कडी बदलत बसण्यापेक्षा मधोमध तोडून दोष कोणत्या अर्ध्यात आहे ते ठरवायचं आणि मग त्या अर्ध्याचेही दोन भाग करायचे. जुने रेडिओ मेकॅनिक असंच करत. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा त्यातला मुख्य नियम. वायर, बोर्ड आणि गिटार एकदम बदलून आवाज थांबला तर बरं वाटतं, पण गुन्हेगार कोण ते कळत नाही आणि तो पुढच्या कार्यक्रमात पुन्हा भेटतो.

पहिला घाव ॲम्पच्या तोंडाशी घाला: गिटारची वायर उपसून काढा. तरीही खरखर चालू असेल तर गिटार, वायर आणि पेडल निर्दोष सुटले. थांबली, तर संशय त्यांच्यावर जातो. पण निकाल लगेच देऊ नये. बहुतेक ॲम्पच्या इनपुट सॉकेटमध्ये अशी पट्टी असते की जॅक काढला की इनपुट आपोआप जमिनीला जोडला जातो. त्यामुळे सॉकेट स्वतः खराब असलं, तरी जॅक काढल्यावर ते गप्प बसतं. म्हणून खात्रीची दुसरी वायर आणि दुसरी गिटार लावून पाहावी. तरीही आवाज आला तर दोष सॉकेटचा.

गुन्हेगारांच्या यादीत वायर पहिली, हा लोकांचा अंदाज मात्र खरा आहे. पाव इंची जॅकच्या टोपीखाली, जिथे केबल वाकते तिथे, आतली तार किंवा बाहेरची जाळी तुटते आणि तुटलेली टोकं एकमेकांना टेकत-सुटत राहतात. आवाज मंद ठेवून जॅकपासून वीतभर अंतरापर्यंत केबल हळू वाकवत जा. खर्रर्र झालं की जागा सापडली. चांगली वायर असेल तर टोपी उघडून तुटका भाग कापावा आणि नवा टाका द्यावा. एकजीव साच्यातला, न उघडणारा जॅक असेल तर तो कापून नवा बसवावा.

गिटारमध्ये पाहायच्या जागा तीन. आवाजाचं बटण फिरवताना चरचर होते का? जॅकचं सॉकेट नटामध्ये सैल फिरतंय का? आणि बेस ॲक्टिव्ह असेल, म्हणजे तिच्या पोटात नऊ व्होल्टची बॅटरी असेल, तर ती कधी बदलली होती? अशा बेसमध्ये जॅक घातला की बॅटरी चालू होते. सराव संपल्यावर जॅक तसाच ठेवला तर रात्रभर ती जळत राहते. उतरलेल्या बॅटरीवर आवाज फाटतो, फटफटतो, आणि तो थेट ॲम्पच्या बिघाडासारखा ऐकू येतो.

बटणं बोलतात

दोष ॲम्पमध्ये आहे हे ठरलं की खोकं न उघडताही बरंच कळतं. पुढच्या गेनचं बटण शून्यावर आणा. खरखर थांबली तर तिचा उगम त्या बटणाच्या आधी, इनपुटच्या बाजूला आहे. थांबली नाही तर मास्टर व्हॉल्यूम शून्यावर आणा. आता थांबली, तर उगम या दोन बटणांच्या मध्ये, म्हणजे टोनच्या भागात. तरीही चालूच राहिली, तर पॉवरचा भाग किंवा स्पीकर. दोन बटणांत अर्ध्याहून जास्त सर्किट तपासून होतं.

मागे ‘सेंड’ आणि ‘रिटर्न’ अशी दोन भोकं असतील तर एक फार उपयोगी चाचणी करता येते. ही भोकं बाहेरचं इफेक्ट यंत्र जोडायला असतात. आपल्याकडे ती सहसा कुणी वापरत नाही. रिकामी असतात तेव्हा आवाजाचा प्रवाह रिटर्नच्या सॉकेटमधल्या एका छोट्या पट्टीवरून पुढे जातो. वर्षानुवर्षं जॅक न गेल्यामुळे त्या पट्टीवर धूळ आणि गंज बसतो, आणि ॲम्प कधी खरखरतो, कधी मध्येच अर्ध्या आवाजावर येतो. एक छोटी वायर सेंडमधून रिटर्नमध्ये घाला. आवाज स्वच्छ झाला तर रोग सापडला. पट्टी साफ होईपर्यंत ती वायर तशीच ठेवून कार्यक्रम पार पाडता येतो.

हेडफोनची किंवा लाइन-आउटची सोय असेल तर तीही वापरावी. हेडफोनमध्ये स्वच्छ आणि स्पीकरमध्ये खरखर, असं असेल तर स्पीकरकडे वळावं. मात्र व्हॉल्व्हच्या ॲम्पला स्पीकर न जोडता कधीही वाजवू नये. त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. आणि स्पीकरच्या कपाटाला गिटारची बारीक वायर जोडू नये. जॅक सारखाच दिसला तरी त्या वायरीला तेवढा करंट झेपत नाही.

स्पीकर तपासायला मल्टिमीटर पुरतो. ॲम्प बंद करून, स्पीकरची वायर सोडवून मोजलं तर आठ ओहमचा स्पीकर साधारण सहा ओहम दाखवतो. कोनच्या मागे टर्मिनलपर्यंत जाणाऱ्या विणलेल्या तारा हलवताना आकडा उडत असेल तर तारा आतून तुटत आल्यात. मग दोन्ही हातांची बोटं कोनवर समान ठेवून तो अलगद आत दाबा. कागद घासल्यासारखा आवाज आला, तर कॉइल चुंबकाच्या फटीत घासतेय.

काळी माती, राख आणि ओल

या घासण्याला नगर जिल्ह्यात एक खास कारण आहे. आपली जमीन दख्खनच्या बेसॉल्ट खडकाची. तो झिजला की त्यातले मॅग्नेटाइटचे बारीक काळे कण मातीत उतरतात. ओढ्याच्या वाळूतून चुंबक फिरवला की त्याला काळी मिशी फुटते, हे लहानपणी सगळ्यांनी केलेलं असतं. स्पीकरच्या मागे मोठं चुंबक असतं आणि कॉइलभोवतीची फट मिलिमीटरच्या काही अंशांची असते. पाथर्डी, कर्जत, जामखेडच्या उन्हाळ्यात उडणारी धूळ फाटक्या डस्ट कॅपमधून आत गेली की तिच्यातले हे कण चुंबक धरून ठेवतं आणि ते फुंकरीने निघत नाहीत. म्हणून स्पीकरच्या पुढच्या टोपीला भोक पडलं तर त्याच दिवशी बुजवावं, आणि ॲम्पला जाड कापडाची खोळ शिवून घ्यावी.

क्षेत्रफळाने हा राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा आणि त्याच्या दोन टोकांची हवा अगदी वेगळी. पूर्वेकडे आणि नगर शहरात वर्षाचा पाऊस पाच-सहाशे मिलिमीटरच्या आसपास, तर पश्चिमेला अकोले तालुक्यातल्या घाटमाथ्यावर घाटघरला हजारो मिलिमीटर. पूर्वेला बटणांच्या कार्बन पट्टीवर धूळ बसते आणि बटण फिरवताना चरचर होते. पश्चिमेला ओलीने सॉकेटच्या पट्ट्या काळवंडतात आणि न हात लावता खरखर होते. साखर कारखान्यांच्या परिसरात गाळपाच्या हंगामात चिपाडाची काळी राख पडते, आणि नाताळ नेमका त्याच हंगामात येतो.

उपाय साधे आहेत. बटणाच्या पाठीमागच्या फटीत कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक छोटा फवारा मारावा आणि ते या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवावं. सॉकेटसाठी क्लीनर जॅकला लावून तो दहा-बारा वेळा आत-बाहेर करावा. हे सगळं प्लग काढून. रॉकेल, खोबरेल किंवा गंजलेले नट सोडवायचा फवारा वापरू नये. त्यांचा थर राहतो आणि त्यावर पुढची धूळ चिकटते. साफ करूनही बटण चरचरत राहिलं तर पट्टी झिजली असेल, किंवा आधीचा कंडेन्सर गळत असेल आणि बटणावर नको तो डीसी व्होल्टेज येत असेल. कंडेन्सर गळत असेल तेव्हा बटण बदलून उपयोग नाही, कंडेन्सरच बदलावा लागतो.

इथून पुढे मेकॅनिक

मागचे स्क्रू काढण्याआधी थांबावं. ट्रान्झिस्टरच्या ॲम्पमध्येही २३० व्होल्ट उघडे असतात. व्हॉल्व्हच्या ॲम्पमध्ये चारशे-पाचशे व्होल्ट डीसी असतो, आणि प्लग काढल्यावरही मोठे कंडेन्सर तो धरून ठेवतात. हे काम शिकलेल्या हाताचं आहे.

तो हात काय करतो, हे मालकाला माहीत असावं. चालू ॲम्पमध्ये तो कोरड्या बांबूच्या काडीने एकेक भाग हलका टोकरतो. ज्या टाक्याला स्पर्श झाला की खर्रर्र होतं, तो ‘ड्राय सोल्डर’. भिंगातून पाहिलं तर पिनेभोवती केसासारखी गोल चीर दिसते. इनपुट जॅक, बटणं आणि जड कंडेन्सर यांचे टाके आधी फुटतात, कारण ओढाताण त्यांच्यावरच होते. खरखर अर्ध्या तासाने सुरू होत असेल तर तो हेअर ड्रायरने एकेक भाग तापवून किंवा थंड फवाऱ्याने गार करून पाहतो. तापल्यावर सांधा फाकतो, निवल्यावर जुळतो. दुकानात नेल्यावर ॲम्प गुणी का होतो, त्याचं हे एक कारण: तिथे तो गार असतो आणि हळू वाजवला जातो. म्हणून ॲम्प देताना स्पष्ट सांगावं: अर्धा तास, मोठ्या आवाजावर, जाड तारेवर वाजवून पाहा.

जुन्या ॲम्पमध्ये फिल्टरचे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर वयाने सुकतात. दहा अंश उष्णता वाढली की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा ठोकताळा आहे. एप्रिलमध्ये पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या ॲम्पचं काय होत असेल ते यावरून समजावं. व्हॉल्व्हच्या ॲम्पमध्ये पेन्सिलीने व्हॉल्व्हवर हलकी टिचकी मारतात. जो खणखणतो किंवा खरखरतो तो बदलतात. शिसंमुक्त सोल्डरचा आणखी एक घोळ आहे. युरोपने १ जुलै २००६ पासून इलेक्ट्रॉनिक्समध्ये शिसं जवळपास बंद केलं, तेव्हापासूनचे बरेच टाके चांगले असूनही मंद दिसतात. टाका चमकत नाही म्हणजे कच्चा, हा जुना नियम तिथे लागू पडत नाही.

एक मुद्दा जिवाचा आहे. ‘घूं’ आवाज घालवायला प्लगची तिसरी, अर्थिंगची पिन काढून टाकायची पद्धत काही ठिकाणी आहे. आवाज कमी होतो, पण गिटारच्या तारा आणि माइक यांच्यात जीवघेणा व्होल्टेज उभा राहू शकतो. ३ मे १९७२ ला वेल्समधल्या स्वान्सी शहरात ‘स्टोन द क्रोज’ या बँडचा गिटारवादक लेस हार्वे नीट अर्थिंग नसलेल्या माइकला हात लावताच रंगमंचावरच शॉक लागून मरण पावला. माइकला ओठ लागताच चटका बसत असेल तर कार्यक्रम थांबवावा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवावं.

वही, सोल्डर आणि थोडी सबुरी

दुरुस्ती करणारे हात कमी होत चाललेत, ही खरी अडचण. रेडिओ आणि टेपरेकॉर्डर गेले तसे त्यांचे मेकॅनिक मोबाइलकडे वळले. नव्या ॲम्पच्या बोर्डावर मोहरीएवढे भाग असतात आणि कंपन्या सर्किटचा नकाशा सहजासहजी देत नाहीत. जुन्या फेंडर ॲम्पच्या आत कोणता व्हॉल्व्ह कुठे बसतो याचा तक्ता चिकटवलेला असे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टु रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. त्यात शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं असे विभाग ठेवले, वाद्यांच्या ॲम्पसाठी वेगळा विभाग ठेवला नाही.

तरी निराश व्हायचं कारण नाही. खरखरीचे बहुतेक बिघाड त्या मोहरीएवढ्या भागांत नसतातच. ते जॅक, सॉकेट, बटण, वायर आणि मोठ्या टाक्यांमध्ये असतात, म्हणजे १९३८ च्या रेडिओवाल्यालाही ओळखता आले असते अशा जागी. आयटीआयमध्ये ‘इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक’ हा दोन वर्षांचा ट्रेड आहे. तो शिकलेल्या पोरापोरींना हे काम जमतं. सुटे भाग पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळतात.

चर्चच्या तरुण संघांनी, गणेश मंडळांनी आणि कॉलेजांनी तीन गोष्टी कराव्यात. ॲम्पच्या खोळीत एक वही ठेवावी आणि खरखर आली की तारीख, ठिकाण, किती वेळ वाजल्यावर आली, कोणत्या स्वराला आली आणि काय केल्यावर थांबली, हे लिहावं. चार नोंदी झाल्या की दोषाची जागा बहुधा वहीच सांगते, आणि मेकॅनिकला ‘मधूनच येतो’ यापेक्षा काहीतरी ठोस हाती लागतं. दुसरं, खात्रीची एक वायर फक्त तपासणीसाठी वेगळी ठेवावी. ती कार्यक्रमात वापरू नये. तिसरं, गावातल्या एखाद्या शिकाऊ मुलाला किंवा मुलीला सोल्डरिंग आयर्न आणि मल्टिमीटर घेऊन द्यावा आणि दुरुस्तीचे पैसे वेळेवर द्यावेत. खर्चाचा क्रम मात्र बदलू नये: पहिला पैसा वायरवर, दुसरा सॉकेट आणि बटणांच्या सफाईवर, तिसरा मेकॅनिकवर, आणि नवा ॲम्प सगळ्यांत शेवटी.